कवायतीतली हडळ

परवा नात जपानी चित्रकथा वाचत होती. त्यातल्या वर्गात भुतं बसतात, डबा खातात, गृहपाठ विसरतात. मला पन्नास वर्षांपूर्वीची कुंडलची शाळा आठवली.

सातवीत आमच्या वर्गात शकीला होती. तिचा एक पाय जन्मापासून वाकडा, म्हणून आम्ही तिला हडळ म्हणायचो. कवायतीच्या तासाला ती कडेला बसून वहीत चित्रं काढायची. एकदा कवायतीच्या सरांनी ती वही उचलली. सर पलटणीतून निवृत्त झालेले. चित्रात सगळा वर्ग ‘पीछे मुड’ला वळत होता आणि उलट्या पायांची हडळ विचारत होती, ‘माजं पाय आधीच वळल्यात, आता मी काय करू?’

सर खो खो हसले. “कोन गं ही हडळ?”

“मीच हाय सर. ही समदी तसंच म्हनत्यात.”

सरांचं हसू थांबलं. आम्ही माना खाली घातल्या. शकीला फक्त वहीकडं बघत होती. सर ती फाडतील, ही तिला भीती.

सरांनी वही तिच्या हातात दिली. “उद्यापास्नं हुकूम तू द्यायचास. लय दमीव ह्यास्नी.”

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला उन्हात तासभर वळवलं. तेव्हा तो सूड वाटला. आता वाटतं, त्या दिवशी ती पहिल्यांदाच आमच्यासोबत खेळली.