जुन्या संगणकावरचं बारसं

तापलेल्या धुळीला एक वास असतो. बरेच दिवस बंद असलेली खोली ऐन चैत्रात उघडावी आणि पंख्याचं बटण दाबावं, तेव्हा येतो तसा. किंचित जळका, किंचित गोडसर. आमचा जुना संगणक सुरू केला की आधी तो वास येतो, मग त्याच्या पोटातला पंखा घरघरू लागतो आणि पुष्कळ विलंबानं पडद्यावर निळसर प्रकाश उमलतो. एवढा अवधी मिळाल्यावर माणूस आपोआप हात जोडून बसतो! घाईच्या या काळात वाट पाहायला लावणारी एक तरी वस्तू घरात असावी, असं मला वाटतं.

लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी तो कराडच्या आमच्या घरी आला आणि ती नोकरीला परगावी गेल्यावर क्रोशाच्या रुमालाखाली झाकला गेला. दसऱ्याला विळी-खुरप्यापासून स्कूटरपर्यंत साऱ्यांना हळदकुंकू लागे. याच्या वाट्याला झेंडूची पाकळीसुद्धा येत नसे. निवृत्त झाल्यावर एके दिवशी मीच त्याचं झाकण उघडलं. सायकलच्या पंपानं धूळ उडवली, रॅमची एक जादा पट्टी बसवली, जुनी जड ऑपरेटिंग सिस्टीम पुसून हलकी, फुकटातली घातली आणि व्हिडिओ कापण्या-जोडण्याचा एक साधासा प्रोग्रॅम भरला. "आवं, त्या डबड्याला कशाला छळताय?" असं बायको म्हणाली. पण डबडं चाललं! पेलेल असं एकच काम सांगितलं तर थकलेला देहही ते मनापासून करतो, हे माझ्या वयाच्या माणसाला वेगळं का सांगायला हवं?

अशात आटपाडीजवळच्या गावी माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नातीचं बारसं झालं. बाळाचा बाप, माझा भाचा संदीप, सैन्यात आहे. तो सीमेवरून फोनवर सोहळा पाहत होता आणि ऐन नाव ठेवायच्या क्षणी संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची गाडी वरच्या चौकीकडे निघणार होती, जिथून महिनोन्‌महिने फोन लागत नाही. आम्ही नाव कळवणार तोच त्याचा निरोप आला, "मामा, नाव लिवून धाडू नका. पोरीच्या कानात सांगत्यात, तसंच मलाबी ऐकायचं हाय." तिथल्या क्षीण नेटवर्कवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जेमतेम पोचणार होता. साऱ्यांच्या मोबाइलमधलं चित्रण पेन ड्राइव्हवर भरून घेऊन मी कराडला परतलो. निघताना अक्कानं बजावलं होतं, "समदी पावणी दिसली पायजेत रं, न्हाईतर रुसून बसतील."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी संगणकापुढे बसलो. पाहुणे तर सगळेच दिसत होते! फोटो काढताहेत असं समजून श्वास रोखून, ताठ उभे. नाव मात्र कुठेच ऐकू येईना. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे : आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बायका 'कुर्रर्र' करत तिच्या पाठीत धपाटे घालतात. संदीपची बहीण रेखा वाकली, आणि आमच्या आयाबायांनी कुणाचीही भीडभाड न ठेवता असे धपाटे घातले की नाव त्या गजरात बुडालं. एक फीत पाहिली, दुसरी पाहिली, सगळ्या पाहिल्या. एका बापाची एवढीशी मागणी आपल्या हातून पुरी होऊ नये?

शेवटी उरली अक्काची फीत. तिनं फोन पाळण्याशी धरला होता आणि भिंगावर तिचा अंगठा आला होता, त्यामुळे पडदाभर नुसता तांबूस अंधार. पुसून टाकायच्या आधी सहज आवाज वाढवला. संगणकाबरोबरच आलेल्या त्या थोराड स्पीकरमधून दोरीची करकर आली, बाळाचा इवलासा उसासा आला, आणि मग अगदी जवळून, रेखाचा दबका स्वर : "वेण्णा."

बाळाच्या आईचं माहेर साताऱ्याजवळ, वेण्णेच्या काठी. त्या नदीचं नाव आटपाडीच्या कोरड्या मातीतल्या पाळण्यात उतरलं होतं, आणि ते टिपणाऱ्या अंगठ्याला त्याची वार्ताही नव्हती!

एका फितीतलं चित्र घेतलं, दुसरीतला आवाज घेतला, आणि रेखाचे ओठ नि तो स्वर यांची गाठ बसेपर्यंत केसाकेसानं सरकवत राहिलो. संगणक मंद, चित्र अडखळत पुढे जाई. पण त्या अडखळण्यातच मला दिसलं, नाव कानात पडताना बाळाची मूठ हळूच उघडली होती. डोळ्यांदेखत घडूनही काल ती आम्हा कुणालाच दिसली नव्हती. निसटलेला क्षण असा परत हाती यावा, हे केवढं आश्चर्य! ती मूठ ठेवली आणि बाकी सारे पाहुणे निर्दयपणे कापले.

मग तयार व्हिडिओ बनायला लागला तो मुंगीच्या पावलांनी. वीज एकदा लुकलुकली असती तरी सगळं मुसळ केरात. कालपर्यंत डबडं म्हणणाऱ्या बायकोनं विजेवर भार नको म्हणून फ्रिज बंद केला, मिक्सरचा प्लग काढला, पंखाही थांबवला, आणि आम्ही दोघं त्या उकाड्यात घाम पुसत बसलो.

व्हिडिओ गेला. उन्हं कलली, मी फोन घेऊन ओसरीवर बसलो, तरी उत्तर नाही. त्याची गाडी सुटली असणार, असं वाटून मी उठणार तोच फोन वाजला. संदीपनं आपल्या आवाजात मुद्रित करून धाडलेला निरोप होता. आधी वाऱ्याची शीळ, गाडीच्या इंजिनाची धडधड, मग त्याचा स्वर, "कुर्रर्र... वेण्णा." एवढंच. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, बापाचा नव्हे. पण त्यानं तो दुरून, वाऱ्यावर का होईना, घेतला.

मी तो निरोप तसाच अक्काकडे पाठवला. तिनं फोन नातीच्या कानाशी धरला म्हणे, आणि या वेळी अंगठा कुठे होता हे कुणीच पाहिलं नाही. पाहुण्यांच्या रुसव्याचं तिच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

आत आलो. संगणक अजून घरघरत होता. बायकोनं दसऱ्याची वाट पाहिली नव्हती. त्याच्या कपाळावर, म्हणजे बटणाच्या जरा वर, हळदकुंकवाची दोन बोटं उमटली होती. खोलीत तोच वास होता, तापलेल्या धुळीचा, आणि आता त्यात हळद मिसळली होती. तो बंद करायला माझा हात धजेना.