डॉक्टरीणबाईंचा सायलेन्सर

परवा नातवाची गाडी दारात आली ती फाटक्या आवाजात भुंकत. टर्बोची गाडी आहे म्हणे, फार जोराची. पण रस्त्यावरच्या उंचवट्याला पोट घासलं अन् सायलेन्सर लोंबला. मेकॅनिक आला, खाली शिरला अन् पाइप तारेनं करकचून आवळायला लागला. मी ओसरीवरून ओरडले, "आरं, काहून आवळून राहिला? इंजिन हालतं, तर पाइपालाबी हालू दे की! रबर लाव, रबर!"

मेकॅनिक गाडीखालून डोकं काढून माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "आजी, बराबर बोलल्या तुमी. टर्बोला तर लईच जपावं लागतं, पाइपाचा ताण वर गेला की तडा जातो." नातवानं विचारलं, हे तू कुठं शिकलीस? मी म्हटलं, जळून शिकले बाबा. त्याला वाटलं, हात भाजला असेल.

बाळापूरच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड होतं. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचे हे गॅसचं वेल्डिंग करायचे. बैलगाडीच्या चाकाची धाव, पंपाचा पाइप, ट्रॅक्टरचा नांगर, काहीही आणा. यांच्या हातचा टाका म्हणजे लोखंड दुसरीकडं मोडेल, पण टाक्यावर मोडणार नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही. गॅससाठी टाकीत कारबाईड मीच भरायची, कांडी मीच हातात द्यायची अन् घमेली-बादल्यांचे टाके तर मीच मारायची. पोरगी शेडच्या आढ्याला बांधलेल्या झोळीत झोपलेली असायची.

अशात ती डॉक्टरीणबाई आली. हिंगोलीच्या दवाखान्यातली. आठवड्याला आमच्या भागात यायची अन् मोटार स्वतः चालवायची! बाळापूरनं तोवर मोटार चालवणारी बाई बघितली नव्हती. पोरं मागं पळायची, म्हातारे काठी टेकून उभे राहायचे. रंगानं गोरी, सुती लुगडं, हातात घड्याळ, अन् बोलणं असं की कानात मध. माझ्या हाताला चोवीस तास कारबाईडचा वास. तिला बघितलं अन् मी आधी पदराला हात पुसले.

तिच्या मोटारीचा सायलेन्सर फुटला होता. यांनी टाका मारला, पाइपाची मागची पट्टी गाडीच्या सांगाड्याला, चेसीलाच पक्की जोडून टाकली, गाडी गेली. इथवर ठीक. महिना झाला नाही, तर गाडी परत फटफटत दारात! पाइप तुटलेला. पुन्हा टाका. अन् पुन्हा थोड्या दिवसांनी तेच!

माझ्या मनात पाल चुकचुकली. अहो, ज्या माणसाचा टाका मोडत नाही, त्याचा टाका नेमका हिच्याच गाडीला कसा मोडतो?

अन् तिची सरबराई काय वर्णावी! गाडीचा आवाज लांबून आला की हे हातातलं काम टाकायचे. घरातली एकुलती एक खुर्ची काढायचे. ती सावलीत ठेवावी की नाही? तर नाही! शेडच्या बाहेर, रस्त्याच्या तोंडाला, समोरच्या हॉटेलासमोर. बाईला पाणी पाहिजे असायचं. तर जो माणूस जन्मात स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्यायला नाही, तो राखेनं पेला घासायचा, माठातलं पाणी गाळून घ्यायचा अन् दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरायचा. ती म्हणायची, "मिस्त्री, तुमच्या माठाचं पाणी फार गार असतं हो." हे हसायचे. मला वाटायचं, तोच माठ उचलून दोघांच्या मधे आपटावा.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तर मजुरीसुद्धा घेईनात. म्हणे, माझंच काम बिघडलं, पैसे कसे घेऊ?

मी एकदा तोंड उघडलंच. "तुमचा टाका अन् मोडला? लाज न्हाई वाटत?"

"रस्ते खराब हायेत," हे म्हणाले अन् काळा चष्मा डोळ्यावर ओढला. त्या चष्म्याआड काय चाललंय ते मला दिसेना. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सवत घरात आणली असती तर निदान झिंज्या तरी धरल्या असत्या. ही तर "कशा आहात ताई" म्हणायची अन् माझ्या पोरीला औषध द्यायची. हिच्याशी भांडायचं तरी कसं?

मग एके दिवशी हे लोखंड आणायला नांदेडला गेले, अन् मोटार आली. बाई उतरली. "मिस्त्री नाहीत?" म्हणाली अन् तिचं तोंड जरा उतरलं. उतरलंच! माझ्या डोळ्यांनी बघितलं मी.

"मी हाय की," मी म्हटलं. "बसा." खुर्ची मी सावलीत ठेवली, आत, कोणाला दिसणार नाही अशी. पाण्याचा पेला तिच्यापुढं ठेवला तो आपटूनच. पाइप निवेपर्यंत थांबले, पदर खोचला अन् गाडीखाली शिरले.

बघते तर यांचा टाका जसाच्या तसा! चकचकीत, केसाएवढीही चीर नाही. पाइप मोडला होता तो टाक्याच्या शेजारी, नव्या जागी. मी बाईला गाडी जराशी चालू करायला सांगितली. इंजिन थरथरलं, त्याला जोडलेला पाइप थरथरला, पण मागं पट्टी चेसीला घट्ट. पुढून हालवायचं अन् मागून हालू द्यायचं नाही, मग बिचारा मधेच मोडणार. पोरीची झोळी मी चारी बाजूंनी ताणून बांधली तर पहिल्याच झोक्याला फाटेल. एवढी गोष्ट, अन् एवढ्या मोठ्या मिस्त्रीला कळली नाही?

गाडी बंद करायला लावली. ती पट्टी मी करवतीच्या पात्यानं कापली. मोडल्या जागी टाका मारला. ट्रकच्या जुन्या टायरचे दोन पट्टे कापले, भोकं पाडली, नटबोल्टानं पाइप त्यांत झुलता टांगला. गाडी चालू केली, तर नुसती गुरगुर. मांजर मांडीवर बसल्यावर करते तेवढी. बाई म्हणाली, "ताई, कमाल आहे तुमची!"

मी मनात म्हटलं, जा बाई आता. परत येऊ नको.

अन् ती खरंच आली नाही. महिना गेला, दुसरा गेला. गाडी रस्त्यानं जात असणार, पण आवाजच नाही, तर कळणार कसं? हे आपले काम करता करता मान वर करायचे, रस्ता बघायचे, परत खाली घालायचे. जेवण कमी झालं. माझा जीव आतून नाचायचा अन् जळायचाही. शेवटी एका दुपारी मी विचारलं, "तिची वाट बघून राहिले ना?"

"व्हय," हे म्हणाले. "बघून राहिलो."

तळपायाची आग मस्तकात गेली. "मग ऐका. मी रबर लावलं तिच्या गाडीला. तुमाला उमजलं न्हाई ते मला उमजलं. आता जलमभर मोडत न्हाई!"

हे हसलेच नाहीत. म्हणाले, "रबर लावायचं असतं हे मला लग्नाच्या आधीपास्नं ठाऊक हाय. पह्यल्याच उस्तादानं शिकवलं."

म्हणजे मी समजत होते ते खरं! मी रडायच्या बेतात आले. "मग काहून? काहून मुद्दाम मोडू दिलं?"

यांनी समोरच्या हॉटेलाकडं बोट केलं. हॉटेलाच्या बाहेरच्या खांबाला खिळा होता अन् खिळ्याला एक कप टांगलेला. कान तुटलेला. मी तो कप ओळखत होते. तो यांचा कप. आम्ही बौद्ध झालो होतो, पण हॉटेलवाल्याच्या लेखी तो कप काही बौद्ध झाला नव्हता. चहा प्यायचा, आपला आपण धुवायचा, परत खिळ्याला.

"डाक्तरीणबाई इथं खुर्चीवर बसून आपल्या माठाचं पाणी प्याली," हे म्हणाले. "भर बाजाराच्या दिवशी. सगळ्या दुकानांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला आतल्या कपात चहा दिला. काय बोलला न्हाई, नुसता दिला. ती येत होती तवर देत होता. तिचं यायचं बंद होऊन दोन महिने झाले, अन् तो कप बघ परत तिथंच."

मी बघितलं. खिळा, अन् खिळ्याला कप. माझ्या डोळ्यासमोर ती रस्त्याच्या तोंडाला ठेवलेली खुर्ची आली. मला वाटलं होतं तिला मिरवायला ठेवतात.

"मग मला सांगायचं व्हतं," मी म्हटलं.

"काय सांगू? बायकोला सांगू का, मला चहा कसा मिळतो ते?"

राग मात्र गेला नाही. राग हॉटेलवाल्यावर आला, यांच्यावरही आला, अन् त्या बाईवर तर दुप्पट आला. माझ्या नवऱ्याची इज्जत हिच्या एका पेल्यात, अन् मी रोज त्याच माठात पाणी भरते त्याचं काहीच नाही?

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. आवाजाचा भरवसा नव्हता, तो मीच बंद केला होता. डोळे फाडून बघत राहिले. यांनी विचारलं, काय करून राहिली? मी म्हटलं, तुमी तुमचं काम करा.

दुपारी ती मोटार आली, गुरगुरत, मांजरासारखी. मी सरळ रस्त्याच्या मधे गेले अन् दोन्ही हात वर केले. बाईनं करकचून ब्रेक मारला. "ताई! काय झालं? मुलगी बरी आहे ना?"

"सगळं बरं हाय," मी म्हटलं. "पाणी पिऊन जावा."

ती उतरली. खुर्ची मी काढली. समोर हॉटेलात माणसं दाटीनं बसली होती. खुर्चीचं तोंड मी बराबर तिकडं केलं. यांनी पेला घासायला हात पुढं केला, तो मी हिसकून घेतला अन् स्वतः घासला. ती प्याली, अन् यांना म्हणाली, "मिस्त्री, तुमच्या माठाचं पाणी फार गार असतं हो."

हे हसले. मी जळले. अन् तिचा पेला परत भरला.