चंद्राच्या वादात ओढलेलं घर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही – आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी मुलुंडची. वडील बँकेत, आई शाळेत शिकवायची, घरात बोलण्याचं कौतुक फार. घाटकोपरच्या कॉलेजात गेले तेव्हा वाटायचं, माझ्यासारखं बोलणारं इथे कुणी नसणार. मग दर्शना भेटली.

दर्शना आवाज चढवून बोलायचीच नाही. पण ती आकाशाबद्दल बोलायला लागली की कँटीनमधली पोरं चहा विसरायची. एकदा संध्याकाळी ती मला आरे कॉलनीत घेऊन गेली. गोठ्यांच्या पलीकडे मोकळं रान होतं, अंधार नुकता पडत होता. ‘वर बघ, तिकडून येईल,’ म्हणाली. आणि खरंच, झाडांच्या शेंड्यावरून एक ठिपका निघाला – न लुकलुकता, सावकाश, कुणीतरी हातात दिवा घेऊन चालल्यासारखा. ‘अवकाश स्थानक. त्यात माणसं आहेत,’ ती म्हणाली. ‘आत्ता, ह्या क्षणाला. आपण त्यांना बघतोय.’

माझ्या अंगावर काटा आला. माझ्या डोक्यावरून माणसं चालली होती! मी तो दिसेनासा होईपर्यंत श्वास रोखून उभी होते. हे मुद्दाम सांगतेय. पुढे मी जे बोलले, त्यातल्या एका शब्दावरही माझा विश्वास नव्हता, हे तुम्हाला कळायला हवं.

कॉलेजात ती चेंबूरला राहते असं सांगायची. खरं मला एकटीला ठाऊक होतं. तिचं घर गोवंडीत होतं, डम्पिंग ग्राउंडच्या जवळ. आजोबा मालवणहून गिरणीत आलेले, गिरणी बंद पडल्यावर कुटुंब सरकत सरकत तिथे पोचलं. ती मला एकदा घरी घेऊन गेली होती. तिच्या आईने कुळथाची पिठी आणि भात वाढला, ‘पोटभर जेव गो,’ म्हणाली. कचऱ्याला आग लागली होती त्या दिवशी. खिडकीवर ओली चादर टांगली होती आणि तिचा धाकटा भाऊ आतल्या कोपऱ्यात सारखा खोकत होता. परतताना दर्शना म्हणाली, ‘कॉलेजात बोलू नकोस हां. लोक कीव करायला लागले ना, की मग आपलं काही ऐकत नाहीत.’

मी शप्पथ घेतली.

मग वादविवादाची अंतिम फेरी आली. विषय होता, गरीब देशाला अवकाश मोहिमा परवडतात का? आठ दिवस आधी चिठ्ठ्या टाकल्या. परवडतात म्हणायला दर्शना, विरोधात मी. जिंकेल ती राज्याच्या स्पर्धेला जाणार होती.

आधी ती बोलली. आपल्याकडे मोठं रॉकेट नाही, म्हणून आपलं यान सरळ चंद्राकडे झेपावत नाही, असं तिने सांगितलं. ते पृथ्वीभोवती फिरतं, आणि झोपाळा जमिनीजवळ आला की पायाने रेटा द्यावा तसा दर फेरीला थोडा जोर घेतं. प्रत्येक फेरी आधीपेक्षा लांब जाते, असं करत करत एक दिवस चंद्र त्याला आपल्याकडे ओढून घेतो. ‘स्वस्त म्हणजे कमी प्रतीचं नव्हे,’ ती म्हणाली. ‘स्वस्त म्हणजे जास्त विचार केलेलं.’ माझ्या डोळ्यांपुढे तो झोपाळा दिसत होता – पृथ्वीएवढा.

मग मी उठले. आणि म्हणाले, चंद्रावर पाणी शोधणाऱ्या माझ्या मैत्रिणीला विचारा, तिच्या घरी नळाला पाणी कधी येतं. ती चेंबूरला राहत नाही. ती राहते… गोवंडीला, कचऱ्याच्या डोंगराखाली. तिचा भाऊ त्या धुरात खोकतोय. त्याला चंद्र परवडतो का, हे तिनेच सांगावं.

टाळ्यांनी छत उडायचं बाकी होतं. उत्तर द्यायला दर्शना उठली. सगळे तिच्याकडे त्याच नजरेने बघत होते, जिची तिला भीती होती. तिने एक वाक्य सुरू केलं, अर्ध्यावर सोडलं, आणि खाली बसली.

मी जिंकले.

बाहेर जिन्यात ती माझी वाट बघत होती. रागावलेली नव्हती, तेच सहन होईना. ‘तुला ते बोलायचं होतं का गं?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘नाही गं, शप्पथ. बोलता बोलता तोंडातून निघून गेलं.’ ती म्हणाली, ‘जाऊ दे. स्टेजवर होतं असं.’

तोंडातून निघून गेलं? – ते वाक्य मी आदल्या आठवड्यापासून आरशासमोर म्हणत होते. ‘गोवंडी’ शब्दाआधी किती थांबायचं, आवाज कुठे दाटून आणायचा, सगळं बसवलं होतं. पिठीभात खाऊन आल्याच्या रात्रीच मला सुचलं होतं, की हे कधीतरी उपयोगी पडेल. एवढंच आहे माझं गुपित. लहान वाटतंय का?

आमची मैत्री टिकली. तिने टिकवली. आज ती अंधेरीत छोटे उपग्रह बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, आणि मी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करते. गेल्या वर्षी मुलुंडच्या एका सभागृहात अवकाश धोरणावर चर्चा ठेवली होती. खाजगी कंपन्यांना किती मोकळीक द्यावी वगैरे. व्यासपीठावर दर्शना, माइक माझ्या हातात. त्याआधी तिने मला कामाची जागा दाखवली होती. काचेपलीकडे पांढऱ्या झग्यातली माणसं, आणि टेबलावर फरसाणच्या डब्याएवढा एक उपग्रह. एवढासा जीव पृथ्वीला फेऱ्या मारणार! मी काचेला नाक लावून उभी राहिले, आरेत उभी होते तशीच.

चर्चेच्या शेवटी एका आजोबांनी तोच प्रश्न विचारला. गरिबांच्या देशाला हे परवडतं का? मी मान खाली घातली. दर्शना शांतपणे म्हणाली, ‘काका, मी गोवंडीची. डम्पिंगच्या धुरात वाढले. तो धूर कुठवर पसरतो हे वरून, उपग्रहातून दिसतं, म्हणून त्याबद्दल कुणाला तरी जाब विचारता येतो. मला नळही हवा होता आणि चंद्रही. ह्यातलं एकच माग, असं मला नेहमी पोट भरलेल्यांनीच सांगितलं.’

सभागृह उभं राहिलं. जे मी तिच्याकडून हिसकावलं होतं, ते तिने भर सभेत स्वतःच्या तोंडाने, ताठ मानेने सांगितलं होतं. इतकं मोठं माणूस मी इतक्या जवळून दुसरं पाहिलेलं नाही.

मग ती माझ्याकडे वळून हसली. ‘कॉलेजात हिच्या तोंडून हे चुकून निघालं होतं. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज वाटतं, बरंच झालं.’

लोक हसले. सगळे माझ्याकडे बघत होते. माइक माझ्याच हातात होता, चालू होता. मी म्हणाले, ‘आभार, दर्शना. पुढचा प्रश्न?’