चूळ भरायला पाणी

किळस कशाची यावी, हे आपण कुठे शिकतो कोण जाणे. शेजारच्या काकूंचा कुत्रा ब्रुनो चेंडूचा तुकडा गिळताना गुदमरून अंगणात कोसळला. आम्ही शिकलेली माणसं त्याला कांदा हुंगवत होतो, नाकाशी चप्पल धरत होतो. जिना झाडणाऱ्या शांताबाईंनी आम्हाला बाजूला सारलं, लाळेत बोटं घालून तुकडा काढला, जबडा मिटून धरला आणि त्याच्या नाकपुड्यांवर ओठ टेकवून श्वास फुंकत राहिल्या. मागून कुणीतरी "शी" म्हणालं. ब्रुनोची छाती हलली. काकूंनी रडत त्याचे मुके घेतले.

शांताबाईंनी चूळ भरायला पाणी मागितलं. मी घरात धावले, आणि स्वयंपाकघरातले पेले ओलांडून माझा हात बाथरूममधल्या मगाकडे गेला.

त्या हाताची किळस अजून जात नाही.