दाराआडची दोरी

गावाच्या चादरी कडक उन्हात वाळवणाऱ्या लॉन्ड्रीवाल्याला मांडीतल्या नायट्याने वर्षभर जेरीस आणलं होतं. दुकानातून मनानेच आणलेली ट्यूब लावली की खाज आठ दिवस दबायची, मग दुपटीने उसळायची. शेवटी लाज गिळून तो डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"ती ट्यूब आधी बंद. मी देते ते औषध पूर्ण करा. आणि आतले कपडे वाळवता कुठे?"

त्याला घरची दोरी आठवली. जगाचे कपडे उन्हात, आणि आपली चड्डी चारचौघांत नको म्हणून दाराआड, ओलसरच! दिव्याखाली अंधार, दुसरं काय?

घरी येऊन त्याने तणतणत दार ओढलं. दोरीवर त्याच्या चड्डीमागे तरण्या मुलाची ओली चड्डी दडवलेली होती आणि फटीत खोचलेली तसलीच ट्यूब, पार पिळून संपलेली.