कडू नसलेलं औषध

लढाईची वर्षं होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला, तेव्हा मी वाई सोडली, मिरजेला नर्सचं शिक्षण घेतलं आणि कडेगावच्या पूर्वेला, माळावरच्या एका सरकारी दवाखान्यात नोकरीला लागले. दवाखान्यामागच्या एका खोलीत मी आणि आई राहत होतो. ती खोली डॉक्टरसाहेबांनी रदबदली करून मिळवून दिली होती. आम्हाला दुसरीकडे कुठे जागा नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या साली पावसाळा सरता सरता हिवतापानं वस्त्याच्या वस्त्या अंथरुणाला खिळल्या. बाजारात हिवतापावरचं कडू कोयनेल दिसत नव्हतं. आमच्याकडे मात्र सरकारातून त्याचे डबे येत, ते मीच उतरवून घेई. डॉक्टर आतल्या खोलीत औषध कालवत आणि मी ते रोग्यांनी आणलेल्या बाटल्यांत ओतून देई.

एका सकाळी एक मेंढपाळ बायकोला घेऊन आला. तिला सातवा महिना लागला होता, अंगात ताप फणफणत होता. पहिला घोट मी तिथंच पाजला. तिनं पदरानं ओठ पुसले.

"बाई, ह्ये कडू न्हाई वो. मागल्या साली लय कडू व्हतं."

ती गेल्यावर मी बोट बुडवून चाखलं. नुसतं रंगाचं पाणी होतं.

दुपारी धीर करून डॉक्टरांना विचारलं. ते रागावले नाहीत. हात पुसत म्हणाले, "डबे सांगलीला जातात. तिथंही माणसंच आजारी पडतात, नर्सबाई." मग म्हणाले, "खोली बरी आहे ना? आईंना मानवली?"

मी हो म्हणाले. त्या दिवशी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आपण कोण विचारणार?" मला ते ऐकून बरं वाटलं, हे आज लपवत नाही.

पुढच्या आठवड्यात औषध कडू झालं. आतल्या खोलीत कोयनेलऐवजी नुसतं कडू काडेचिराईत भिजत घातलेलं मी पाहिलं. म्हणजे माझ्या विचारण्याचा उपयोग एवढाच झाला होता.

ती बाई पुन्हा आली. आता तिला नवऱ्यानं उचलून आणलं होतं. घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं आणि चक्क हसली. "आता कडू हाय. आता उतरंल ताप." माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "हो, घे वेळच्या वेळी." आणि बाटली भरून दिली.

दहा दिवसांनी नवरा एकटाच आला. बाई गेली होती, पोटातल्या जिवासकट. त्यानं अर्धी उरलेली बाटली माझ्यापुढे ठेवली. "आवं बाई, ह्ये उरलंय. दुसऱ्या कुणाला तरी हुईल." मी ती घेतली. तो गेल्यावर कपाटात मागे ठेवून दिली.

पुढचे दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. भाजीत मीठ आहे की नाही, तेही कळत नव्हतं. रोगी येत होते आणि मी बाटल्या भरत होते. साताऱ्याहून मोठे डॉक्टर तपासणीला आले, तेव्हा मी कोपऱ्यात उभी होते. ते वही मिटून निघाले, तशी मी ती अर्धी बाटली घेऊन पुढे गेले. "साहेब, यात कोयनेल नाही," एवढंच जेमतेम बोलले. आमचे डॉक्टर म्हणाले, "बाईंची तब्येत बरी नसते." मी पुन्हा म्हणाले, "नाही यात. मला माहीत आहे."

"केव्हापासून माहीत आहे?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं.

चौकशी झाली. डॉक्टरांची बदली झाली, तेवढीच. मला काढून टाकलं, कारण माहीत असून औषध वाटल्याचं मीच कबूल केलं होतं. खोली सोडायला आठ दिवस मिळाले.

जाण्याआधी मी त्या मेंढपाळाच्या पालावर गेले. समोर बसून त्याला सगळं सांगितलं, तिला मी "हो, घे" म्हणाले होते त्यासकट. तो कोकराच्या पायातला काटा काढत होता. काटा निघाला, कोकरू सोडलं, मग त्यानं वर पाहिलं.

"तवाच का न्हाई बोललासा, बाई?"

आवाजात राग असता तर सोपं गेलं असतं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी खोलीचं सांगायला लागले, आईचं सांगायला लागले, आणि अर्ध्यातच थांबले. तो उघड्या माळावर बसला होता.

त्यानं मला पाणी दिलं. ते पिऊन मी परत आले, आणि आम्ही मायलेकी सामान बांधायला लागलो.