बर्फवाले मेजर

मे महिन्यात जयपूरला लू, म्हणजे उन्हाचा भाजणारा वारा, सुटली की आमची सगळी बनी पार्क वसाहत दारं-खिडक्या लावून पडून राही. आमचे घरमालक मात्र गच्चीवरच्या खोलीत बसून बर्फावर घसरायच्या लाकडी स्कीजना मेण चोळत. गल्लीत त्यांचं नाव ‘बर्फवाले मेजर’. मूळचे साताऱ्याचे, पत्नी वारलेली, सैन्यातून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. आमच्या यांच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही त्यांचे भाडेकरू झालो. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, हे उन्हाळ्यात कशाला, तर म्हणाले, “उन्हात मेण चांगलं मुरतं, वहिनी. थंडीत घाई होते.”

चहाला आले की विषय एकच. हिमाचलातलं, ते ज्याला ‘माझं गाव’ म्हणत ते खेडं. तिथे पूर्वी पाटीच्या दगडाची खाण होती. गावकरी हिवाळ्यात लाकडी घसरगाड्यांवरून दगड खाली आणत, त्यामुळे एक अख्खा उतार गुळगुळीत झालेला, एक झाड नाही. “खाणीनं डोंगर पोखरला, पण उतार कसा तासून ठेवला,” ते म्हणत. खाण बंद पडली, माणसं मजुरीला मैदानात जायला लागली. सैन्यात स्की शिकवणाऱ्या मेजरांना तो उतार दिसला, आणि त्यांनी तिथल्या तरुणांना शिकवायला सुरुवात केली. निवृत्तीनंतरही हिवाळाभर ते तिथेच असत.

खाणीचा मुकादम धनीराम याला त्यांनी शब्द दिला होता की इथे लोक बर्फात खेळायला येतील, ते तुमच्या घरांतच उतरतील आणि घरं कुणी हलवणार नाही. भांडवल उभं करायला त्यांचा जुना शिष्य पुढे आला. तोही सैन्यातून बाहेर पडलेला. मेजर त्याला ‘कॅप्टन’च म्हणत. त्यांनी त्याला गावात नेलं, धाकटा भाऊ म्हणून ओळख करून दिली. त्यांच्या भरवशावर गावानं उताराची आणि घरांखालचीही जमीन त्याच्या नावावर केली. कॅप्टन जयपूरला आला की आमच्याकडे पोहे खाई आणि म्हणे, “भाभी, सर नहीं होते तो मैं कुछ नहीं होता.” मला तो मनापासून आवडे.

पुढे दोन वर्षं तो ‘अभी थोड़ा रुकिए, सर’ म्हणत मेजरांना वर गावात येऊ देईना. मग एकदा जयपूरच्या एका हॉटेलात त्याचा कार्यक्रम ठरला. रिसॉर्ट तयार झालं होतं, पाहुणे मिळवायचे होते. मेजर टाय बांधून आले, आम्हा दोघांनाही घेऊन गेले. पडद्यावर तो उतार दिसला तसे ते पुढे सरकून बसले.

कॅप्टन त्या जागेचा इतिहास सांगू लागला. खाण, घसरगाड्या, तासलेला उतार. चहाच्या वेळी ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी. फक्त खाणीच्या तोंडाशी उभा राहून ते सगळं पहिल्यांदा पाहणारा माणूस आता तो स्वतः होता. मी मेजरांकडे पाहिलं. ते पडद्यावर काहीतरी शोधत होते.

शेवटी ते उभे राहिले. “कॅप्टन, गाँव कहाँ है?”

“नीचे बसा दिया है, सर. नदी के पास.”

“और धनीराम?”

कॅप्टननं आवाज खाली आणला. “सर, वो लोग मेहमानों के सामने अच्छे नहीं लगते.”

मेजर बाहेर पडले. रिक्षात आमचे हे म्हणाले, “तुमचं नावसुद्धा घेतलं नाही त्यानं.”

“नावाचं राहू द्या,” ते म्हणाले. “मीच त्याला त्यांच्या घरात नेऊन बसवलं.”

दुसऱ्याच दिवशी ते हिमाचलला गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी जेवायला बोलावलं. जेवता जेवता म्हणाले, “धनीरामनं बसायला दिलं, पण बोलला नाही. त्याच्या बायकोनं विचारलं, साहेब, तुम्हाला काय मिळालं यात? मी सांगितलं, काही नाही. तिला ते पटलं नाही. मलाही तिच्या जागी पटलं नसतं.”

त्यानंतर कॅप्टन एकदा मिठाई घेऊन दाराशी आला. मेजरांनी त्याला ओळख नसल्यासारखं परत पाठवलं, आणि तो दिवस खोलीतच काढला.

पुढच्या वर्षी आमची नाशिकला बदली झाली. सामान ट्रकवर चढलं, मेजर फाटकापर्यंत आले. मी म्हटलं, “आमच्याकडे नक्की यायचं हं.”

“येईन,” ते म्हणाले. मग एकदम थांबले. “नाही, वहिनी. तो माझा शब्द नका धरू.”